आधी फ्रेम, मग काच: मोठ्या मायनस नंबरात चाळिशी लागते तेव्हा

नाशिकच्या एका माध्यमिक शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय ४६ आहे. उजव्या डोळ्याचा नंबर मायनस ६.५० असून सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेत लागणारा जादा नंबर, मायनस १.०० आहे आणि त्याची दिशा दाखवणारा अक्ष १८०. डाव्या डोळ्याचा मायनस ५.७५, सिलिंडर मायनस ०.७५, अक्ष १७०. गेले वर्षभर त्यांना डोळ्यांचा थकवा जाणवतो आणि यंदा नेत्रतज्ज्ञांनी पहिल्यांदाच जवळचा प्लस १.५० लिहून दिला आहे. दोन्ही बाहुल्यांमधले अंतर, म्हणजे पीडी, ६२ मिलिमीटर आहे. दुकानात त्यांना ५६ आकाराची रुंद चौकोनी फ्रेम आवडली आणि विक्रेत्याने तिच्यासाठी १.७४ इंडेक्सची, म्हणजे सर्वांत पातळ म्हणून विकली जाणारी, प्रोग्रेसिव्ह काच ब्लू कटसह सुचवली. इंडेक्स म्हणजे काचेचे द्रव्य प्रकाश किती वळवते तो आकडा, प्रोग्रेसिव्ह म्हणजे जिच्यात वरून खाली लांबचा नंबर सलग जवळचा होत जातो ती काच, आणि ब्लू कट म्हणजे निळा प्रकाश गाळणारी काच. रक्कम ऐकून त्या विचारात पडल्या. इतकी महाग काच खरोखर लागते का, ब्लू कट आवश्यक आहे का, आणि प्रोग्रेसिव्हऐवजी लांबचा व जवळचा असे दोन चष्मे केले तर चालेल का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

गेली सव्वीस वर्षे मी नंबर तपासण्याचे आणि चष्मे बसवून देण्याचे काम करतो. माझे उत्तर आधी सांगतो आणि मग कारणे देतो. १.७४ ची काच घेऊ नका. त्याऐवजी फ्रेम बदला. ४८ च्या आसपासची, गोलाकडे झुकणारी फ्रेम निवडून तिच्यात १.६० ची काच बसवा. प्रोग्रेसिव्ह मात्र अवश्य घ्या आणि ते आत्ताच घ्या. चांगल्या प्रतीचे अँटिरिफ्लेक्शन, म्हणजे प्रतिबिंबे कमी करणारे, कोटिंग सोडू नका. ब्लू कटसाठी वेगळे पैसे देऊ नका.

काच किती जाड होणार हे प्रामुख्याने इंडेक्स ठरवतो, अशी समजूत दुकानात काउंटरच्या दोन्ही बाजूंना आढळते. प्रत्यक्षात मायनस नंबरच्या काचेची जाडी आधी फ्रेम ठरवते. मायनस काच मध्यभागी पातळ असते आणि कडेकडे जाड होत जाते, आणि ही वाढ केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात होते. म्हणजे कड केंद्रापासून दुप्पट दूर गेली, तर तिथली वाढ दुप्पट नव्हे तर चौपट होते. त्यात काचेचे केंद्र फ्रेमच्या खिडकीच्या मध्यावर नव्हे, तर तुमच्या बाहुलीसमोर यावे लागते. फ्रेमच्या काडीच्या आतल्या बाजूला ५६-१८-१४५ असे आकडे असतात. पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची रुंदी आणि तिसरा काडीची लांबी. तुम्ही निवडलेल्या फ्रेममध्ये ५६ अधिक १८ म्हणजे ७४ झाले, तुमचा पीडी ६२ आहे, फरक १२. म्हणून प्रत्येक काचेचे केंद्र नाकाच्या दिशेने ६ मिलिमीटर सरकवावे लागते. त्यामुळे कानाकडची कड केंद्रापासून २८ अधिक ६, म्हणजे ३४ मिलिमीटर दूर जाते.

आता हिशेब पाहा. काच मध्यभागी साधारण १.३ मिलिमीटर जाड आहे असे धरले, तर मायनस ६.५० च्या नंबरात ही ३४ मिलिमीटरवरची कड १.६० च्या काचेत सुमारे साडेसात मिलिमीटर भरते आणि १.७४ च्या काचेत सुमारे ६.४ मिलिमीटर. याउलट ४८-२० ची फ्रेम घेतली, तर ४८ अधिक २० वजा ६२ म्हणजे फरक फक्त ६ राहतो, केंद्र ३ मिलिमीटर सरकते आणि कड २७ मिलिमीटरवर येते. तिथे १.६० ची काच सुमारे ५.२, १.६७ ची ४.८ आणि १.७४ ची ४.५ मिलिमीटर होते. लहान फ्रेममधली १.६० ची काच ही मोठ्या फ्रेममधल्या १.७४ च्या काचेपेक्षा एक मिलिमीटरहून अधिक पातळ निघते, आणि तिची किंमतही बरीच कमी असते. काचेची वक्रता आणि फ्रेमच्या कोपऱ्यांचा आकार यांमुळे हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण क्रम बदलणार नाही. लहान फ्रेममध्ये १.६० आणि १.७४ यांच्यात उरतो तो पाऊण मिलिमीटरचा फरक, आणि जाड शेलच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या, फ्रेममध्ये तो कोणाला दिसतही नाही. कडा उघड्या ठेवणाऱ्या सुप्रा किंवा रिमलेस फ्रेमचा तुमचा आग्रह असता, तर मी १.६७ चा विचार केला असता.

वजनाच्या बाबतीतही १.७४ ची बाजू वाटते तितकी भक्कम नाही. या प्लॅस्टिकची घनता सुमारे १.४७ आहे, १.६० ची सुमारे १.३०. काच आकाराने कमी झाली तरी ती जड द्रव्याची असल्यामुळे हलकेपणाचा बराचसा फायदा परत जातो.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट नजरेच्या दर्जाची आहे. कोणतीही काच केंद्रापासून दूरच्या भागात प्रिझमसारखी वागते आणि पांढऱ्या प्रकाशाचे रंग थोडे वेगळे करते. द्रव्य हे रंग किती फोडते ते आबे अंकावरून कळते. हा अंक जितका मोठा, तितके रंग कमी फुटतात. आपल्याकडे दुकानात जिला ‘फायबर’ म्हणतात त्या साध्या सीआर-३९ काचेचा आबे अंक ५८ आहे. १.६० चा ४१ ते ४२, १.६७ आणि १.७४ यांचा ३२ ते ३३, आणि पॉलिकार्बोनेटचा ३०. नंबर मायनस दोनचा असेल तर हा फरक जाणवत नाही. साडेसहाच्या नंबरात मात्र तो जाणवू शकतो, कारण केंद्रापासून १ सेंटिमीटर बाजूने पाहिले की साडेसहा प्रिझम (प्रकाश बाजूला वळण्याचे एकक) तयार होतो आणि फळ्यावरच्या अक्षरांना किंवा रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांना निळी-पिवळी किनार दिसू लागते. तुमच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. सिलिंडर १८० अक्षावर असल्यामुळे त्याची शक्ती उभ्या दिशेत काम करते, म्हणजे उभ्या दिशेत तुमचा उजवा नंबर प्रत्यक्षात मायनस ७.५० आहे, आणि प्रोग्रेसिव्हमध्ये वाचनाचा भाग केंद्रापासून सुमारे दीड सेंटिमीटर खाली असतो. जिथून तुम्ही रोज वह्या तपासणार, नेमक्या त्याच जागी रंगांची किनार सर्वांत जास्त असणार. काही जणांना ती कधीच जाणवत नाही हे खरे. पण जास्त पैसे देऊन नजर किंचित उणी करून घेण्याचे कारण मला दिसत नाही.

मोठ्या मायनस नंबरात चष्म्याआडचे डोळे लहान दिसतात आणि पातळ काचेने ते मोठे दिसतील, अशी आशा अनेकजणी बोलून दाखवतात. तसे होत नाही. डोळा किती लहान दिसतो हे नंबर आणि काच डोळ्यापासून किती दूर आहे यांवर ठरते, इंडेक्सवर नाही. चष्मा डोळ्यांजवळ नीट बसवला तर थोडा फरक पडतो.

बाकीच्या द्रव्यांविषयी थोडक्यात. सीआर-३९ साडेतीन-चार नंबरापर्यंत उत्तम आणि किफायतशीर असते. पॉलिकार्बोनेट आघात सर्वांत चांगला सोसते, म्हणून लहान मुलांना, खेळाडूंना आणि ज्यांना एकाच डोळ्याने दिसते त्यांना मी ते आग्रहाने देतो. तिथे डोळ्याचे रक्षण रंगांच्या किनारीपेक्षा मोठे असते. जुनी खरी काच, म्हणजे काचेचीच, ओरखड्यांना दाद देत नाही, परंतु ती प्लॅस्टिकच्या जवळजवळ दुप्पट जड असते आणि फुटली तर डोळ्याला इजा करते. तुम्ही दुचाकी चालवत असाल तर ती नकोच. १.६० चे प्लॅस्टिक रोजच्या वापराला पुरेसे चिवट असते.

आता चाळिशीकडे वळू. ज्यांचा नंबर मायनस अडीच असतो त्यांना चाळिशी लागल्यावर चष्मा कपाळावर चढवून वाचता येते, कारण त्यांचा उघडा डोळा ४० सेंटिमीटरवर आपोआप स्पष्ट पाहतो. मायनस ६.५० चा उघडा डोळा मात्र फक्त १५ सेंटिमीटरवर स्पष्ट पाहतो. वही नाकाशी धरून तपासता येणार नाही, म्हणून तुम्हाला ही सोय नाही आणि जवळचा नंबर चष्म्यातच हवा.

त्यासाठी बायफोकल हा जुना मार्ग आहे. गोल तुकड्याचा केटी आणि आडव्या रेषेचा डी हे दोन्ही प्रकार अजून मिळतात, आणि ज्यांना ते वीस वर्षे अंगवळणी पडले आहेत त्यांना मी बदलायला लावत नाही. तुमच्यासाठी ते योग्य नाहीत, कारण त्यांत लांबचे आणि हातातले दिसते, पण मधले अंतर, म्हणजे संगणकाचा पडदा किंवा टेबलापलीकडे उभ्या विद्यार्थ्याचा चेहरा, हळूहळू सुटत जाते. शिवाय नजर रेषेवरून खाली जाताना वस्तू उडी मारल्यासारखी हलते. प्रोग्रेसिव्ह काचेत वरून खाली नंबर सलग बदलत जातो. बर्नार्ड मेत्नाझ या फ्रेंच अभियंत्याने घडवलेली व्हेरिलक्स ही काच १९५९ मध्ये बाजारात आली आणि तेव्हापासून हा प्रकार रुळला.

प्रोग्रेसिव्हची एक मर्यादा मात्र गणितातूनच येते आणि ती कोणतीही कंपनी पूर्णपणे पुसू शकत नाही. नंबर उभ्या दिशेत ज्या वेगाने बदलतो, त्याच्या दुप्पट वेगाने बाजूला नको असलेले सिलिंडर साचत जाते. प्लस १.५० चा नंबर १४ मिलिमीटर लांबीच्या पट्ट्यात बदलला, तर मधल्या रेषेपासून बाजूला दर मिलिमीटरला सुमारे ०.२१ सिलिंडर वाढते. तोच जवळचा नंबर प्लस २.५० झाला की हे प्रमाण ०.३६ वर जाते. म्हणजे स्पष्ट दिसणारी मधली वाट वयाबरोबर अरुंद होत जाते. म्हणूनच मी म्हटले की आत्ताच सुरू करा. प्लस १.५० वर मेंदूला ही काच सहज सवयीची होते. पाच-सात वर्षे टाळून एकदम प्लस २.२५ वर पहिले प्रोग्रेसिव्ह घेणाऱ्यांना पायऱ्या डगमगल्यासारख्या वाटतात, आणि दोष काचेला मिळतो. महागड्या, फ्री-फॉर्म पद्धतीने कोरलेल्या काचांमध्ये हा बाजूचा दोष जिथे कमी त्रास देईल तिथे सरकवलेला असतो आणि तुमच्या नंबरानुसार व फ्रेमच्या झुकावानुसार हिशेब केलेला असतो. मोठ्या नंबराला आणि सिलिंडरला त्याचा खरा उपयोग होतो. इंडेक्समध्ये वाचलेले पैसे मी इथे घालायला सांगेन.

या मुद्द्यामुळे फ्रेमवर आणखी एक अट येते. रुंदी कमी हवी, पण उंची पुरेशी हवी. बाहुलीच्या मध्यापासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंत निदान १८ ते २० मिलिमीटर जागा नसेल, तर १४ मिलिमीटरच्या पट्ट्याखाली वाचनाचा भाग शिल्लकच राहत नाही. लांबट, चपटी फ्रेम त्यामुळे बाद होते. छोट्या पट्ट्याची काच बसवून काम भागवता येते, पण वर सांगितलेल्या नियमामुळे तिची वाट आणखी अरुंद असते. ३६ ते ४० मिलिमीटर उंचीची, खालून गोलावलेली फ्रेम तुमच्या दोन्ही अटी पुऱ्या करते.

दोन चष्म्यांचा तुमचा विचार मी पूर्णपणे बाजूला सारत नाही. वर्गात तुम्ही फळा, शेवटचा बाक आणि हातातले पुस्तक यांच्यात मिनिटाला कितीतरी वेळा नजर फिरवता, तिथे प्रोग्रेसिव्हला पर्याय नाही. मात्र परीक्षेच्या दिवसांत रात्री दोन-तीन तास उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर घेऊन बसता तेव्हा केवळ जवळचा, साधा एक नंबरी चष्मा फार सुखाचा होतो, कारण त्यात पूर्ण काच वाचनाची असते आणि मान वर करून वाट शोधावी लागत नाही. त्याचा नंबर उजवा मायनस ५.००, सिलिंडर मायनस १.००, अक्ष १८० आणि डावा मायनस ४.२५, सिलिंडर मायनस ०.७५, अक्ष १७० असा होईल. वाचताना डोळे आत वळतात म्हणून त्याचा पीडी ५८ ते ५९ धरावा. हा चष्मा घरातल्या जुन्या, लहान फ्रेममध्ये कमी खर्चात होतो. कामाचे अंतर हेच काच ठरवते, हे मला एका सोनाराने शिकवले. त्यांना मी त्या काळातले उत्तम प्रोग्रेसिव्ह दिले होते. ते दागिना छातीच्या उंचीवर, २८ सेंटिमीटरवर आणि थेट समोर धरून काम करत. खाली पाहतच नसत. त्या चष्म्यात त्यांना दिवसभर हनुवटी वर ठेवावी लागली आणि आठवड्यात मान धरली. त्यांना लागत होता तो त्याच अंतराचा साधा चष्मा, आणि मी त्यांना अंतर विचारलेच नव्हते. तेव्हापासून मी नंबर पाहण्याआधी काम विचारतो, आणि शक्य असेल तर टेप लावून अंतर मोजतो.

मापे घेताना घाई करू देऊ नका. मोठ्या नंबरात केंद्र ३ मिलिमीटर चुकले तर मायनस ६.५० मध्ये जवळजवळ २ प्रिझम तयार होतो आणि डोळे तो दिवसभर ओढून भरून काढतात. डोकेदुखीचे कारण पुष्कळदा नंबरात नसून इथे असते. प्रोग्रेसिव्हसाठी ६२ हा एकच आकडा पुरत नाही. नाकाच्या मध्यापासून उजव्या व डाव्या बाहुलीचे अंतर वेगवेगळे मोजायला हवे, कारण बहुतेक चेहरे दोन्ही बाजूंनी सारखे नसतात. आधी फ्रेम तुमच्या नाका-कानांवर नीट बसवून घ्यावी, मग तुम्ही सहज समोर पाहत असताना नमुन्याच्या काचेवर पेनाने बाहुलीचा मध्य खुणावा, आणि तुम्ही उभे राहून थोडे चालल्यावर तो पुन्हा पडताळावा. या कारणासाठी साडेसहाच्या नंबराचे पहिले प्रोग्रेसिव्ह फोटोवरून मागवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे मे-जूनच्या घामात चष्मा नाकावरून ३-४ मिलिमीटर सहज घसरतो. तेवढ्याने वाचनाचा भाग खाली जातो, आणि काच डोळ्यापासून दूर गेल्याने मायनस नंबर थोडा कमीही पडतो. नोज पॅड बदलता येणारी फ्रेम त्यामुळे जास्त सोयीची ठरते.

अँटिरिफ्लेक्शन कोटिंगविना १.६० ची काच प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ५ टक्के, म्हणजे दोन्ही मिळून दहा टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत फेकते. इंडेक्स वाढला की हे प्रमाणही वाढते. तुमच्यामागच्या खिडकीचे प्रतिबिंब, रात्रीच्या दिव्यांची भुते आणि समोरच्याला तुमच्या डोळ्यांऐवजी दिसणारी ट्यूबलाइट हे सगळे यातूनच येते. पाणी व तेलकटपणा न धरणारा वरचा थर असलेले कोटिंग घ्या, कारण ते स्वच्छ ठेवणे सोपे जाते. चष्मा पदराने कोरडा पुसू नका. खडूची भुकटी आणि रस्त्यावरची धूळ कोटिंगवर घासली जाते. आधी नळाखाली धरून धूळ वाहू द्या, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब बोटाने लावा आणि मऊ कापडाने टिपा. उन्हात उभ्या गाडीत चष्मा ठेवला तर प्लॅस्टिक प्रसरण पावते, वरचे पातळ थर तितके ताणले जात नाहीत आणि जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. त्या दुरुस्त होत नाहीत.

ब्लू कटच्या बाबतीत २०२३ मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. निळा प्रकाश गाळणाऱ्या काचांनी संगणकावर काम करताना होणारा डोळ्यांचा थकवा साध्या काचांच्या तुलनेत, निदान अल्पकाळात, बहुधा कमी होत नाही, असे त्यात आढळले. पडद्यासमोर डोळे थकतात ते पापण्या कमी मिटल्या जातात म्हणून आणि जवळच्या अंतरावर नजर खिळून राहते म्हणून. तुम्हाला गेले वर्षभर जो थकवा जाणवतो, त्याचे कारण मला तरी जवळचा नंबर चष्म्यात नसणे हेच वाटते. अतिनील किरणांसाठीही ब्लू कट लागत नाही, १.६० चे द्रव्य ते मुळातच अडवते. उन्हात काळ्या होणाऱ्या फोटोक्रोमिक काचा आवडत असतील तर घ्या, फक्त दोन गोष्टी जाणून घ्या. गाडीची पुढची काच अतिनील किरण अडवत असल्यामुळे त्या गाडीत फारशा काळ्या होत नाहीत. आणि उष्णतेत त्यांचा काळेपणा उतरतो, म्हणून विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी जेव्हा त्यांची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच त्या कमी पडतात.

चष्मा हाती आला की दुकानातच लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर, दोन्ही काचांचे नंबर आणि अक्ष तपासून मागा. प्रोग्रेसिव्ह काचेवर ३४ मिलिमीटर अंतरावर दोन सूक्ष्म खुणा कोरलेल्या असतात. काचेवर तोंडाची वाफ सोडून ती उजेडासमोर तिरपी धरली की त्या दिसतात. कानाकडच्या खुणेखाली जवळचा नंबर कोरलेला असतो, तुमच्या काचेवर तो बहुधा १५ असा असेल. या खुणांवरून केंद्र पुन्हा आखून ते तुमच्या बाहुलीशी जुळते का हे पाहता येते. चष्मा न बसल्यास काच बदलून मिळेल का, आणि किती दिवसांत, हे पैसे देण्याआधी विचारून बिलावर लिहून घ्या. पहिले दोन आठवडे जुना चष्मा पेटीत ठेवा आणि नवा सकाळपासून रात्रीपर्यंत वापरा. बाजूला पाहायचे तर नुसती नजर न वळवता मान वळवा, आणि जिना उतरताना हनुवटी थोडी खाली घेऊन पायरी काचेच्या वरच्या भागातून पाहा. दोन आठवड्यांनंतरही त्रास राहिला तर परत जा, आणि आधी फ्रेम घसरली आहे का ते, मग खुणा आखून केंद्राची जागा, आणि या दोन्ही ठीक निघाल्या तरच नंबर पुन्हा तपासायला सांगा.